कॉकपिटमधला एकटा नायक

२०२२ सालच्या मे महिन्यात ‘फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स’ या वैमानिकांच्या संघटनेने ‘रनवे ३४’ या हिंदी चित्रपटाविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. ऑगस्ट २०१५ मध्ये दोह्याहून कोचीला आलेले एक विमान खराब हवामानामुळे तेथे उतरू शकले नाही आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करून, टाक्यांतील इंधन संपत आले असताना, अखेर तिरुवनंतपुरमला उतरले. त्या घटनेवर हा चित्रपट बेतलेला आहे. त्यातील कॅप्टन कॉकपिटमध्ये सिगारेट ओढतो, नियमांची फारशी फिकीर करत नाही आणि शेवटी आपल्या विलक्षण स्मरणशक्तीच्या बळावर वादळात विमान खाली आणतो. असे चित्रण वैमानिकांच्या पेशाशी प्रामाणिक नाही आणि त्यामुळे प्रवाशांच्या मनात नाहक धास्ती बसेल, असे संघटनेचे म्हणणे होते.

तक्रार रास्त होती, पण ती वरवरच्या गोष्टींशी थांबली असे मला वाटते. कॉकपिटमधली सिगारेट ही पडद्यावरची नाटकी खूण आहे, हे बहुतेक प्रेक्षकांना समजते. मनात मुरते ते वेगळेच असते. विमान सुरक्षित उतरते ते एका माणसाच्या अलौकिक गुणामुळे आणि कोसळते ते एका माणसाच्या दोषामुळे, ही समजूत या चित्रपटाने, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कित्येक मालिकांनी व वेबमालिकांनी घट्ट केली आहे. (चित्रपट, मालिका आणि वेबमालिका हा भेद घरातल्या पडद्यापुरता आता उरलेलाच नाही, म्हणून येथे मी तो पाळत नाही.) आकाशातून जाणाऱ्याला या समजुतीची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत सिगारेटच्या दृश्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे.

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. प्रेक्षक एवढे भोळे नसतात. मालिकेतला डॉक्टर खऱ्या डॉक्टरसारखा नसतो आणि मालिकेतला फौजदार पोलीस ठाण्यात भेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. हे खरेच आहे, परंतु ते ठाऊक असते ते आपण स्वतः दवाखान्यात बसलेलो असतो आणि कधी ना कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलो असतो म्हणून. आपल्या अनुभवाशी ताडून पडद्यावरचे खोटे आपण बाजूला काढतो. कॉकपिटच्या बाबतीत ताडून पाहायला आपल्याकडे काहीही नाही. पूर्वी एखाद्या लहान मुलाला उड्डाणादरम्यान कॉकपिट दाखवायला नेत असत. अमेरिकेतील सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ते थांबले आणि १ नोव्हेंबर २००३ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार मोठ्या प्रवासी विमानांच्या कॉकपिटचे दार मजबूत आणि बंद झाले. तेव्हापासून प्रवाशाला वैमानिक कळतो तो ध्वनिक्षेपकावरच्या खरखरीत आवाजातून आणि विमानात शिरताना डावीकडे ओझरत्या दिसलेल्या गणवेशातून. दारापलीकडे काय चालते हे त्याला मालिकाच सांगतात. त्यामुळे या एका व्यवसायाबाबत मालिका ही प्रेक्षकाची करमणूकही आहे आणि जवळजवळ एकमेव शिकवणीही.

दारापलीकडे प्रत्यक्षात जे चालते ते नाटककाराच्या फारसे उपयोगाचे नाही. दोन वैमानिक असतात. एकाने विमान चालवायचे आणि दुसऱ्याने त्याच्यावर, उपकरणांवर आणि नियंत्रण कक्षाशी चाललेल्या संभाषणावर लक्ष ठेवायचे अशी वाटणी असते. पुढच्या उड्डाणाला सहसा ही वाटणी उलटते. अंतिम अधिकार कॅप्टनचाच राहतो, पण आपण टाळ्या वाजवून ज्याचे कौतुक करतो ते मऊ लँडिंग पुष्कळदा सहवैमानिकाचे असते. उरलेले काम म्हणजे इंधनाचा हिशेब, पर्यायी विमानतळाची निवड, उतरण्यापूर्वी एकमेकांना मोठ्याने सांगायचा बेत आणि शेकडो वेळा वाचून पाठ झालेली तरीही प्रत्येक वेळी वाचलीच पाहिजे अशी चेकलिस्ट. हे सगळे कंटाळवाणे आहे आणि कंटाळवाणे राहावे अशाच रीतीने ते आखलेले आहे. त्यात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, तर दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाने वेळेवर तोंड उघडणे आणि पहिल्या खुर्चीवरच्या माणसाने ते ऐकणे.

हे शहाणपण विमान वाहतुकीला फुकट मिळालेले नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ येथे धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाने परवानगी मिळालेली नसताना उड्डाणासाठी धाव घेतली होती. दुसरे, पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचे विमान अजून धावपट्टीवरून हटलेले नसावे, अशी शंका केएलएमच्या उड्डाण अभियंत्याने, म्हणजे त्या काळी कॉकपिटमध्ये असणाऱ्या तिसऱ्या माणसाने, बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती ठामपणे झटकली आणि अभियंता पुढे काही बोलला नाही. हा कॅप्टन कोण होता? कंपनीच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणातला सर्वांत वरिष्ठ अधिकारी. कंपनीच्या जाहिरातीत त्याचेच छायाचित्र झळकत होते. भारदस्त, आत्मविश्वासू, ज्याच्या हाती जीव सोपवून डोळे मिटावेत असा, म्हणजे मालिकांना हवा असतो नेमका तसा. त्या काळातील अशाच काही दुर्घटनांनंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर एक परिषद बोलावली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी पहिला सविस्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने हे प्रशिक्षण जगभर सक्तीचे झाले. कनिष्ठाने वरिष्ठाला कसे टोकावे आणि वरिष्ठाने ते कसे झेलावे, हा त्याचा गाभा आहे.

त्याचा उपयोग काय, याचे उत्तर १९८९ मध्ये अमेरिकेतील सू सिटी येथे मिळाले. युनायटेडच्या एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची-वाकवण्याची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. अशा प्रसंगासाठी कोणतीही चेकलिस्ट नव्हती. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे दोन सहकारी आणि योगायोगाने प्रवासी म्हणून विमानात असलेले एक प्रशिक्षक वैमानिक अशा चौघांनी, उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करत विमान धावपट्टीपर्यंत आणले. २९६ जणांपैकी १८४ वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर व्याख्याने देत फिरले आणि श्रेय त्या प्रशिक्षणाला आणि सहकाऱ्यांना देत राहिले. कॅप्टन स्वतः असे सांगत असताना पडद्याला ते पटत नाही, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर २०२४ मध्ये आलेली कंदाहार अपहरणावरची वेबमालिका घ्यावी. या विषयावरच्या इतर अनेक कलाकृतींपेक्षा ती संयत आहे. तिच्यातला कॅप्टन घाबरतो, अडखळतो, कॉकपिटमधल्या सहकाऱ्यांकडे पाहतो. तरीही एका प्रसंगात कंदाहारच्या धावपट्टीवर तो स्वतः विमानाच्या पोटात उतरून तुंबलेल्या शौचालयांची नळजोडणी दुरुस्त करतो. मालिका आल्यावर प्रत्यक्षातील कॅप्टन देवी शरण यांनी एका मुलाखतीत खुलासा केला की दुरुस्ती त्यांनी केलीच नव्हती. त्यासाठी तेथल्या अधिकाऱ्यांनी एक कामगार पाठवला होता, आणि नळ कोठे आहेत हे त्याला ठाऊक नसल्यामुळे ते त्याच्यासोबत खाली गेले होते. बदल तसा क्षुल्लकच आहे. परंतु त्यातून कथनाची सवय उघडी पडते. दोन माणसांनी मिळून केलेले काम पडद्यावर आले की त्यातला एक माणूस गळतो, आणि गळतो तो नेहमी बिननावाचा. उलट, २०२३ च्या ‘हायजॅक’ या ब्रिटिश मालिकेत कॅप्टन कॉकपिटचे दार उघडतो ते एका हवाई सेविकेशी असलेल्या गुप्त संबंधापायी. तेथे एकाच माणसाच्या चारित्र्यावर साऱ्या विमानाचे भवितव्य टांगलेले आहे. नायक असो वा दुर्बळ, हिशेब तोच.

मराठी वाचकाच्या मनाला लागून असलेली घटना ७ ऑगस्ट २०२० ची आहे. कोविडकाळात परदेशी अडकलेल्यांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेत दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडच्या टेकडीवरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टन दीपक साठे हे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून घडलेले, हवाई दलात चाचणी वैमानिक म्हणून काम केलेले, अनुभवी आणि सर्वांना आदरणीय अधिकारी होते. अपघाताला एक दिवस उलटत नाही तोच समाजमाध्यमांवर एक संदेश वणव्यासारखा पसरला. विमानाची चाके उघडत नव्हती, म्हणून कॅप्टनने तीन घिरट्या घालून इंधन संपवले, आग लागू नये म्हणून इंजिन बंद केले आणि स्वतःचे बलिदान देऊन प्रवाशांना वाचवले, असा त्याचा आशय होता. लाखो लोकांनी तो डोळे पुसत पुढे पाठवला. शोकाच्या क्षणी माणसे असे करतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तो संदेश आज वाचला तर त्याची पटकथा कोठून आली हे लगेच लक्षात येते. त्यातही एकच माणूस होता. सहवैमानिकाचा उल्लेख असलाच तर शेवटच्या ओळीत.

विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाके नीट उघडली होती. विमान दुसऱ्या प्रयत्नात, पावसात आणि मागून वारा असताना उतरत होते. कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर नीट चालत नव्हता. अस्थिर झालेले उतरणे पुढे चालू ठेवले गेले आणि चाके टेकली ती जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, परत वर चला, असे सांगितले होते. तसे करणे त्या क्षणी बंधनकारक होते. ते झाले नाही आणि सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हातीही घेतले नाही, असे अहवाल संभाव्य कारण म्हणून नोंदवतो. अहवाल येथेच थांबत नाही, आणि माझ्या मते हाच भाग अधिक वाचला जायला हवा होता. कोळिकोडच्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनच्या नावावर होते. त्यामुळे अन्यत्र न जाता तेथेच उतरण्याकडे कल झाला असावा, असे अहवाल म्हणतो. कॉकपिटमधील ज्येष्ठ-कनिष्ठ अंतराचा आणि कंपनीच्या व्यवस्थेतील उणिवांचाही तो उल्लेख करतो.

दीपक साठे यांच्या कर्तृत्वाला यामुळे बाधा येत नाही. अत्यंत कुशल माणूसही अशा साखळीत सापडू शकतो, म्हणून तर दुसरी खुर्ची असते. मात्र बलिदानाची कथा जितक्या लोकांपर्यंत गेली त्याच्या एका लहानशा अंशापर्यंतही अहवाल गेला नाही. तळावर कॅप्टन का कमी होते, हा प्रश्न चौकात कोणी विचारला नाही. नायक मिळाला की प्रश्न संपतो.

आणि नायक मिळाला नाही तर खलनायक लागतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ड्रीमलायनर विमान काही सेकंदांत कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात नोंद होती की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एकापाठोपाठ एक बंद स्थितीत गेले, इंधन का तोडले असे एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नाही असे उत्तर दिले. प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाचे हे अहवालाने सांगितले नाही. संभाषणाचे मूळ शब्दही दिले नाहीत. ही दोन वाक्ये एखाद्या मालिकेच्या संवादांसारखी वापरली गेली. देशी-परदेशी वाहिन्यांवर संगणकाच्या साहाय्याने कॉकपिट उभे राहिले आणि मृत कॅप्टनच्या मनःस्थितीची, घरच्या दुःखांची चर्चा रंगली. तपास अपुरा असताना उद्देश ठरवण्याची ही घाई कशातून आली? माध्यमांची स्पर्धा आहेच. परंतु स्पर्धा त्याच मालासाठी होते ज्याला गिऱ्हाईक असते. कॉकपिटमधल्या प्रत्येक घटनेच्या मुळाशी कोणाचे तरी चारित्र्य असते, हे धडे आपण वर्षानुवर्षे घरबसल्या घेतलेले आहेत. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सांगावे लागले की तुमच्या मुलाला कोणी दोषी धरलेले नाही, हे ओझे तुम्ही वाहू नका.

रोजच्या प्रवासात या समजुतीचे परिणाम इतके भीषण नसतात, पण असतात. पावसाळ्यात मुंबईला येणाऱ्या विमानाने खाली येता येता एकदम नाक वर करून झेप घेतली तर आतमध्ये काय होते, हे अनेकांनी अनुभवले असेल. इंजिनांचा आवाज वाढतो, कोणी रामनाम घेते, आणि जमिनीवर पोचल्यावर दूरध्वनीवरून पहिले वाक्य निघते की आज थोडक्यात वाचलो. वस्तुतः ‘गो-अराउंड’ ही नेहमीची हालचाल आहे. सिम्युलेटरमध्ये वैमानिक तिचा सराव पुन्हापुन्हा करतात. ठरावीक उंचीपर्यंत वेग, उतार आणि दिशा नेमकी जमली नाही तर दोघांपैकी कोणीही तिचा उच्चार करावा आणि कोणी जाब विचारू नये, अशी व्यवस्था असते. सुरक्षेची यंत्रणा चोख चालली याचा तो पुरावा. पडद्यावर मात्र परत वर जाणे म्हणजे हार, आणि वादळ भेदून उतरणे म्हणजे पराक्रम. आमच्या वृत्तपत्रांनीही ‘वैमानिकाच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला’ हे वाक्य छापखान्यात जणू कायमचे जुळवून ठेवलेले आहे. विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला वळवले की प्रवासी चिडतात, ते वेळ वाया जातो म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण त्या रागात एक सूर असाही असतो की दुसऱ्या कंपनीचे विमान उतरले, मग आपल्याच पायलटला का जमले नाही. ज्या वैमानिकाने सर्वांत जबाबदार निर्णय घेतला त्याच्या कसबावरच संशय येतो.

स्त्री वैमानिकांचा प्रश्न याला जोडूनच येतो, म्हणून थोडक्यात. ‘रनवे ३४’ मधील सहवैमानिक तरुणी बहुतेक वेळ भेदरलेली आहे, कारण कॅप्टनचे धैर्य उठून दिसायला शेजारी कोणीतरी भेदरलेले असावे लागते. सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रिया चालवत असलेले फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला गेले ते १९८५ मध्ये. आज भारतात स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही ध्वनिक्षेपकावर बाईचा आवाज आला की केबिनमध्ये एखादी दबकी थट्टा ऐकू येते.

मग खरे नायक नसतातच का? २००९ मध्ये न्यूयॉर्कला हडसन नदीवर इंजिने बंद पडलेले विमान उतरवणारे कॅप्टन सलेनबर्गर होते, हे मान्यच करायला हवे. त्यांच्यावरील चित्रपटात नाट्य हवे म्हणून तपास अधिकाऱ्यांना छळवादी रंगवले गेले आणि त्या अधिकाऱ्यांनी त्याला उघड हरकत घेतली. सलेनबर्गर स्वतः मात्र सहवैमानिक, केबिन क्रू आणि बोटी घेऊन धावलेले लोक यांचीच नावे घेत राहिले. मालिकांना दुसरी वाट सापडतच नाही असेही नाही. २००३ मध्ये जपानमध्ये ‘गुड लक!!’ ही मालिका तीस टक्क्यांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिली. तिचा नायक सहवैमानिक होता आणि नायिका विमानदुरुस्ती करणारी तंत्रज्ञ. ती मालिका एका विमान कंपनीच्या सहकार्याने बनली होती, त्यामुळे तिच्यात जाहिरातीचा अंश असणार हे गृहीत धरूनही एवढे दिसते की हँगरमधल्या माणसाला गोष्टीत जागा दिली म्हणून प्रेक्षक पळून जात नाहीत.

म्हणून मालिकांवर सरकारी कात्री चालवा, असे मी म्हणणार नाही. तो उपाय रोगाहून वाईट ठरेल. वैमानिकांच्या संघटनांनी निषेधाची पत्रके काढण्याऐवजी पटकथा लिहिली जात असतानाच लेखकांसाठी दार उघडावे. ‘गो-अराउंड’नंतर दोन मिनिटांत साध्या मराठी-हिंदीत कारण सांगण्याची शिस्त कंपन्यांनी पाळावी. आणि अपघाताचा प्राथमिक अहवाल काढणाऱ्यांनी, अर्धवट उद्धृत केलेल्या एका संवादाचे बाहेर काय होते, हे अहमदाबादनंतर तरी ध्यानात घ्यावे.

यातले काही झाले तरी एक विषय पडद्यावर यायला कठीणच जाणार आहे, तो म्हणजे वैमानिकाची झोप. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने थकव्याचा विचार करून नियम बदलले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली आणि दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२५ पासून लागू केला. त्यासाठीची तयारी अपुरी पडल्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर माणसे सामानावर डोके टेकून झोपली. त्यांचे हाल खरे होते आणि त्यांचा रागही खरा होता. गोंधळ आवरावा म्हणून कंपनीला नव्या नियमांतील काही तरतुदींतून तात्पुरती सवलत दिली गेली. म्हणजे आपल्याला घेऊन रात्री उतरणाऱ्या माणसाने किती विसावा घेतलेला असावा, यावरच तडजोड झाली. तिच्याविरुद्ध वैमानिकांच्या संघटना बोलल्या. प्रवाशांच्या बाजूने कोणी बोलल्याचे मात्र निदान माझ्या तरी ऐकण्यात आले नाही.